फळी रिकामी का होते, आणि त्या दिवशी किराणा कसा भरावा

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी जाहीर झाली आणि तिसऱ्याच दिवशी, ११ तारखेच्या संध्याकाळी, मीठ संपणार अशी आवई उठली. उत्तर प्रदेश-दिल्लीकडून ती फोनवरून फिरत मुंबई-हैदराबादपर्यंत पोचली आणि लोक रात्री दुकानांपुढे गर्दी करून उभे राहिले. काही ठिकाणी किलोभर मिठाला दोनशे रुपये मोजले गेले.

आता हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणशी दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरे. चौघांच्या घराला झालं २० ग्रॅम, म्हणजे किलोचा एक पुडा ५० दिवस जातो. आपण त्याच्या दुप्पट मीठ खातो असं धरलं तरी २५ दिवस. ज्या घरात अर्धा पुडा शिल्लक होता त्या घरालाही पुढचे बारा दिवस मीठ आणायची गरज नव्हती. शिवाय देशातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातेत होतं, आणि तिथल्या मिठागरांवर त्याचे ढीग महिनोन्‌महिने रचलेले असतात. ते एका रात्रीत संपण्याचा प्रश्नच नव्हता.

तरीही फळ्या खरोखर रिकाम्या झाल्या. अफवा खोटी होती, पण तिच्यामुळे झालेली टंचाई खरी होती. ती कशी तयार होते हे एकदा नीट समजलं, की पुढच्या वेळी पिशवी घेऊन धावायचं की घरीच थांबायचं हे ठरवता येतं.

चाळीस पिशव्यांचं दुकान

एक साधं उदाहरण घेऊ. एका किराणा दुकानावर ३०० घरं अवलंबून आहेत आणि प्रत्येक घराला महिन्याला आट्याची ५ किलोची एक पिशवी लागते. म्हणजे रोज सरासरी १० पिशव्या खपतात. दुकानदार ४० पिशव्या ठेवतो, चार दिवसांचा माल. त्याहून जास्त ठेवायला त्याच्याकडे जागा नसते, आणि एवढ्या मालात पैसा अडकवणं त्याला परवडतही नाही. स्टॉकिस्टची, म्हणजे कंपनीचा माल दुकानांना पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याची, गाडी आठवड्यातून दोनदा येते, त्यामुळे एरवी हे गणित बरोबर बसतं.

एके दिवशी काहीतरी बातमी येते. तीनशेपैकी फक्त साठ घरं, म्हणजे पाचातलं एक घर, त्याच दिवशी आटा न्यायला येतं. प्रत्येकाने एकच पिशवी घेतली तरी साठ पिशव्या लागल्या, आणि दुकानात आहेत चाळीस. इथे कोणी साठेबाजी केलेली नाही, कोणी हावरटपणाही केलेला नाही. लोकांनी पुढच्या आठवड्यात करायची खरेदी आज केली, एवढंच. दोन-दोन पिशव्या घेतल्या तर पहिल्या वीस गिऱ्हाइकांतच माल संपतो. उरलेले चाळीस जण पलीकडच्या दुकानात जातात, जिथे ते एरवी कधी जात नाहीत, आणि तेही दुकान रिकामं होतं. तासाभरात रिकाम्या फळीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर येतो आणि ज्यांना सकाळपर्यंत काही वाटत नव्हतं ते खाली उतरतात.

मग दुकानदार एकदम जास्त माल का मागवत नाही, असं विचारलं जातं. मुरलेला दुकानदार मुद्दामच मागवत नाही, आणि त्याचं बरोबर असतं. दोन पिशव्या नेलेलं घर पुढचे दोन महिने आट्यासाठी फिरकणार नाही हे त्याला माहीत असतं. आज दोनशे पिशव्या मागवल्या तर त्या येईपर्यंत खरेदीची लाट ओसरलेली असते. पाकिटातल्या आट्याची मुदत बहुधा तीन महिन्यांची असते, ती फळीवरच संपू शकते आणि नुकसान त्याच्या अंगावर पडतं. जे दुकानदार घाबरून दुप्पट मागणी लावतात, त्यांची मागणी बघून स्टॉकिस्ट कंपनीकडे आणखी फुगवून मागणी लावतो. आधी सगळीकडे चणचण, मग महिनाभराने सगळीकडे एकावर एक फुकट, असं चित्र त्यातूनच दिसतं.

या सगळ्यात मार बसतो तो रोजच्या रोज खरेदी करणाऱ्याला. दिवसाची मजुरी हातात आल्यावर संध्याकाळी सात वाजता अर्धा किलो आटा, पाव किलो डाळ आणि तेलाची छोटी पुडी घेणारा माणूस सकाळी अकरा वाजताच्या रांगेत नसतो. तो येतो तेव्हा छोटी पाकिटं संपलेली असतात आणि सुट्या मालाचा भाव चढलेला असतो. म्हणून ज्या घरात आठ-दहा दिवसांचा शिधा आहे त्या घराने लाटेच्या दिवशी दुकानात न जाणं, हा आमच्या मते सगळ्यात उपयोगी निर्णय आहे. चार-पाच दिवसांत गाडी येते आणि गर्दीही ओसरलेली असते.

गोदामात गहू, दुकानात आटा नाही

मार्च २०२० ची गोष्ट याहून वेगळी होती. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी जाहीर केली. महाराष्ट्रात त्याच्या आदल्या दिवशीच संचारबंदी लागून जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या होत्या. किराणा, दूध, भाजी, रेशन दुकानं यांना पहिल्या आदेशापासूनच सूट होती. धान्याचीही ददात नव्हती. केंद्राच्या साठ्यात तेव्हा गहू-तांदूळ मिळून साधारण ५ कोटी ८० लाख टन धान्य होतं. १ एप्रिलला किमान २ कोटी १० लाख टन साठा असावा असा नियम आहे, म्हणजे गरजेच्या अडीचपटीहून जास्त.

पण गोदामातला गहू आणि दुकानातली आट्याची पिशवी यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. गहू गिरणीत जायला ट्रक लागतो आणि ट्रकला ड्रायव्हर. गिरणी चालवायला कामगार. आटा भरायला छापील पिशव्या, आणि त्या करणारा कारखाना ‘अत्यावश्यक’ म्हणून मोजला गेलेला नसतो. वाशीच्या दाणाबंदरात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात पोती उतरवायला माथाडी लागतात, आणि लोकल बंद असताना ते पोचणार कसे? महामार्गावरचे ढाबे बंद, टायर-पंक्चरची दुकानं बंद, म्हणून ड्रायव्हर गाडी काढायला तयार नाही. माल पोचवून रिकामा ट्रक परत निघाला की नाक्यावर त्याला अडवलं जाई, कारण त्यात अत्यावश्यक माल नसे. यातली एक पायरी अडली तरी पुढचं सगळं अडतं. शहरातल्या पिठाच्या आणि डाळीच्या गिरण्या, ब्रेडचे कारखाने यांना सूट आहे हे केंद्राला २१ एप्रिलला वेगळा खुलासा करून सांगावं लागलं. टाळेबंदीला तोवर चार आठवडे होत आले होते.

याचा आपल्या खरेदीशी सरळ संबंध आहे. अशा वेळी धान्य कमी नसतं, तयार पाकीट कमी असतं. म्हणून वस्तूकडे एक पायरी मागे जाऊन बघायचं. आटा नसेल तर गहू घ्यावा आणि कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणावा. ही सोय महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात आहे. ५ किलोचं पाकीट नसलं तर १ किलोची पाकिटं किंवा १० किलोची गोणी बऱ्याचदा पडून असते, कारण लोक सवयीच्याच आकाराकडे हात घालतात. तूरडाळ नसेल तर मूग, मसूर आणि मटकी असते. ब्रेड नसला तरी पोहे असतात. टोमॅटो गायब झाले तर आमटीला चिंच आणि आमसूल आहेच.

आधी ओळखा, नेमकं काय अडलंय

पहिला प्रकार मिठासारखा. वस्तू भरपूर, रस्ते सुरू, फक्त अफवा. अशा वेळी काहीच घ्यायचं नाही. तीन-चार दिवसांत सगळं पूर्ववत होतं. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावाच्या दिवसांत असेच संदेश फिरले, तेव्हा अन्नधान्याचा साठा पुरेसा असल्याचं केंद्राने जाहीर केलं आणि इंडियन ऑइलनेही इंधन व गॅस मुबलक असल्याचं सांगितलं. संदेश खरा की खोटा हे ताडायला एक सोपी खूण आहे. संदेशात आदेशाची तारीख, खातं आणि जिल्हा यांपैकी काहीच नसेल आणि ‘लवकर सगळ्यांना पाठवा’ एवढंच असेल, तर तो सोडून द्यावा.

दुसरा प्रकार, रस्ता किंवा वाहतूक अडल्याचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, कोल्हापूर-सांगलीकडचं दूध संकलन कोलमडलं आणि मुंबई-पुण्यात दुधाच्या पिशव्या कमी आल्या. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांच्या आंदोलनामुळे मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधनाचे टँकर निघाले नाहीत आणि पंपांवर रांगा लागल्या. आंदोलन २ तारखेच्या रात्री मागे घेतलं गेलं. अशा वेळी नाशवंत माल आधी तुटतो: दूध, पालेभाजी, अंडी. कोरडा किराणा तीन-चार दिवस तरी दुकानदाराकडे असतो. तेव्हा घ्यायचं असेल तर टिकणारं दूध घ्यावं. कागदी खोक्यातलं दूध न उघडता काही महिने टिकतं. दूध पावडर लिटरभर दुधाला साधारण १०० ते १२५ ग्रॅम लागते. तान्ह्या बाळाच्या डब्याच्या दुधाऐवजी मात्र ही पावडर कधीही वापरू नये.

तिसरा प्रकार, पुरवठाच सरकारी निर्णयाने आटल्याचा. २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे रांगा लागल्या. दुकानदारांनी घरटी एक पोतं अशी मर्यादा घातली. त्या रांगांत मराठी माणसंही होती. पण निर्णय नीट वाचला असता तर दिसलं असतं, की बासमती आणि उकडा तांदूळ त्या बंदीत नव्हते. बंद झालेला तांदूळ भारताच्या एकूण तांदूळ निर्यातीच्या पाव हिस्सा होता. जो माल आधीच जहाजावर होता तोही पुढचे काही आठवडे पोचतच राहणार होता. आंबेमोहर किंवा कोलम नाही मिळाला तरी कॅलिफोर्नियाचा मध्यम दाण्याचा तांदूळ वरण-भाताला मऊ आणि चांगला लागतो, थायलंडचा जास्मिनही चालतो. ही बंदी सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस उठली, म्हणजे ती चौदा महिने चालली. एवढा काळ पुरेल इतकी पोती घरात कोणीच ठेवू शकत नाही, त्यामुळे तिथे खरा उपाय वाण बदलणं हाच होता.

किती लागतं

घाबरलेल्या माणसाचा अंदाज नेहमी जास्तीचा असतो, म्हणून आकडे लिहून ठेवावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या आहारात माणशी दिवसाला २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चौघांच्या घराचे चौदा दिवस मोजले तर धान्य १४ किलो, डाळी-कडधान्यं पावणेपाच किलो आणि तेल दीड किलो. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल भरतं, म्हणजे दोन पिशव्यांत भागून थोडं उरतं. मिठाचा एक पुडा पुरून उरतो.

धान्याचे १४ किलो सगळे आट्यात घेऊ नयेत. ५ किलो तांदूळ, ५ किलो गहू किंवा ज्वारी, २ किलो आटा, आणि उरलेल्या २ किलोत पोहे व रवा, अशी वाटणी बरी पडते. अर्धा किलो आट्याच्या पंधरा ते अठरा पोळ्या होतात, त्यावरून आपल्या घरचा आकडा काढता येईल. कष्टाचं काम करणारं किंवा वाढत्या वयाचं कोणी असेल तर धान्य दीडपट धरावं. कडधान्यांत अख्खी मटकी आणि मूग जास्त ठेवावेत, कारण भाजी बंद झाली की मोड आलेली उसळ तिची जागा घेते.

भाजीत लाल भोपळा सगळ्यात भरवशाचा. न कापलेला भोपळा दोन-तीन महिने बाहेर टिकतो. सुरण, कोबी, गाजर, कच्ची केळी त्याच्या खालोखाल. पालेभाज्या दोन दिवसांच्याच घ्याव्यात. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत. कांद्याला कोरडी, वाहती हवा लागते, बटाट्याला अंधार लागतो, आणि एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात.

यादीत सगळ्यात वर मात्र किराणा नसावा. रक्तदाब-मधुमेहाची औषधं, बाळाचं दूध, सॅनिटरी पॅड आणि गॅसची नोंदणी ही कामं आधी उरकावीत, कारण यांना बदली वस्तू नाही. १४.२ किलोचं सिलिंडर चौघांच्या घरात साधारण महिना-सव्वा महिना जातं. दोनपैकी एक रिकामं झालं की त्याच दिवशी नोंदवायची सवय असली तर लाट आली तरी कळतही नाही.

हा चौदा दिवसांचा शिधा लाटेच्या दिवशी भरायचा नसतो. दर महिन्याच्या यादीत एकेक किलो वाढवत तीन-चार महिन्यांत तो तयार होतो आणि कोणाच्या फळीवर ताण येत नाही.

दुकानात

स्टॉकिस्टची गाडी कोणत्या वारी येते हे ओळखीच्या दुकानदाराला विचारून ठेवावं. गाडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जावं, तोवर माल लागलेला असतो आणि गर्दीही नसते. कागदावर यादी लिहून किंवा फोनवर पाठवून ‘संध्याकाळी नेतो’ म्हणणं दोघांनाही सोयीचं. यादीत वस्तूपुढे पर्याय लिहावा: ‘तूरडाळ १ किलो, नसल्यास मसूर’. नाही तर दुकानदाराला प्रत्येक ओळीला फोन करावा लागतो.

पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीहून जास्त घेणं वैधमापन कायद्याने गुन्हा आहे, मग टंचाई असो वा नसो. बिल मागावं, पाकिटाचा आणि बिलाचा फोटो ठेवावा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. सुट्या धान्यावर किंमत छापलेली नसते, तिथे भाव चढला म्हणजे आपोआप गुन्हा झाला असं नाही. दोन-तीन दुकानांत भाव विचारणं आणि वजनकाटा शून्यावर आहे ना हे बघणं एवढं आपल्या हातात असतं. ‘घरटी दोनच पिशव्या’ असं दुकानदाराने लावलं तर त्याच्याशी वाद घालू नये. वरच्या उदाहरणात त्याने घरटी एकच पिशवी दिली असती तर वीसऐवजी चाळीस घरांत आटा गेला असता.

घरी आणल्यावर

घाबरून आणलेला बराचसा माल फुकट जातो तो इथे. आटा, रवा आणि बेसन हे सगळ्यात नाजूक. पावसाळ्यात, त्यातून कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत, दळून आणलेलं पीठ तीन-चार आठवड्यांत कडवट होऊ लागतं किंवा त्यात जाळी धरते. अख्खा गहू नीट वाळवून ठेवला तर वर्षभर राहतो. रवा मंद आचेवर कोरडाच भाजून, पूर्ण गार करून डब्यात भरावा.

धान्याला दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवतात, पण उन्हातून उचललेलं गरम धान्य तसंच डब्यात भरण्याची चूक फार घरांत होते. ते आत गार होताना झाकणाखाली पाणी सुटतं, वरचा थर ओलसर होतो आणि आठ-दहा दिवसांत बुरशीचा वास येतो. संध्याकाळी धान्य घरात पसरून रात्रभर गार होऊ द्यावं आणि सकाळी भरावं. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मध्ये थर देऊन घालावा. कडधान्यांना किलोला चमचाभर एरंडेल चोळून ठेवलं की भुंगे सहसा लागत नाहीत. ज्यांच्याकडे ऊन नाही त्यांनी रवा-तांदूळ घट्ट पिशवीत बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवावेत, त्याने अंडी-आळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाही तर आत दव धरतं.

बाजारात धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात, त्या घरात आणूच नयेत. दमट हवेत त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्याने जीव गेले आहेत. शेंगदाणेही जास्त साठवू नयेत. काळसर, सुरकुतलेला किंवा बुरशीचा दाणा दिसला तर तो वेचून बाकीचे वापरू नयेत. त्या बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि ते भाजूनही पुरतं जात नाही.

लाट ओसरली की डब्यांवर खरेदीची तारीख लिहून जुना माल पुढे, नवा मागे लावावा. आट्याची न उघडलेली जादा पाकिटं असतील तर मुदत संपायला महिना उरला असतानाच ती जवळच्या वसतिगृहाला किंवा अन्नछत्राला द्यावीत. तिथे रोज दहा-पंधरा किलो पीठ लागतं, त्यामुळे ती आठवड्यात वापरली जातात. अगदी शेवटच्या दिवसांत नेऊन दिलेलं पाकीट त्यांनाही फेकावं लागू शकतं.